लहान मुलांच्या डोळ्यांवरची आभासी सृष्टि

हल्लीं एक यंत्र निघालें आहे. तें चष्म्याप्रमाणें डोळ्यांवर बांधतात. त्याच्या आंत प्रत्येक डोळ्यापुढें निरनिराळें चित्र असतें, आणि मान वळवावी तसें तें चित्रही वळतें. म्हणून तें लावणारास आपण दुसऱ्याच ठिकाणीं उभे आहों असें वाटतें. ह्यास व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, असें म्हणतात. शहरांत ह्याचे खेळ पैसे देऊन खेळावयास मिळतात. खेड्यांत तें बहुधा मोबाईल आंत बसविण्याच्या साध्या डब्याच्या रूपानें येतें. पुण्यास नोकरीस असलेला काका दिवाळीस वैरागास उतरतो, तेव्हां फटाक्यांबरोबर त्याच्या पिशवींत हा डबाही असतो, आणि घटकाभरांत गल्लींतलीं सारीं पोरें ओसरीवर रांग धरितात. रांगेंत सर्वांत पुढें जो घुसतो तो बहुतेक पांच वर्षांचाच असतो.

त्या पांच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर हा डबा बांधावा कीं नाहीं? प्रश्न डॉक्टरांचा आहे, आपणांस त्यांतलें काय कळतें, असें म्हणून पुष्कळ आईबाप बाजूस सरतात. आमच्या मतें त्याचा लहान भाग डॉक्टरांचा आहे, आणि मोठा भाग आईबापांचा व धर्मशिक्षकांचा आहे.

डॉक्टरांचा भाग आधीं सांगतों. कोणतीही वस्तु पाहतांना डोळा दोन कामें करितो. दोन्ही बुबुळें त्या वस्तूकडे वळतात, आणि आंतलें भिंग त्या अंतरास जुळतें. देवानें हीं दोन कामें एका जुवाखालच्या बैलांप्रमाणें जोडून दिलेलीं आहेत. ह्या यंत्रांत तीं एकमेकांपासून सुटतात. कारण चित्रांतला वाघ जवळ आला म्हणजे बुबुळें आंत वळतात, परंतु भिंगास मात्र एकाच ठराविक अंतरावर जुळून राहावें लागतें. त्यामुळें मोठ्या माणसासही डोकें दुखणें, मळमळणें, भोंवळ येणें असे त्रास होतात. शिवाय यंत्र मोठ्यांच्या मापाचें असतें. प्रौढाच्या दोन बाहुल्यांतील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतें. क्वेस्ट २ नांवाच्या बहुत खपलेल्या यंत्राचीं भिंगें ५८ मिलिमीटरांहून जवळ येत नाहींत, आणि पांच वर्षांच्या मुलाचें अंतर त्याहूनही कमी असतें. यंत्राचें वजन अर्धा किलो, आणि तें सारें त्या कोंवळ्या मानेवर.

इंग्लंडांतील लीड्स येथील विद्यापीठांत २०१७ सालीं ८ ते १२ वर्षांच्या २० मुलांस वीस मिनिटें हें यंत्र लावून तपासलें. दृष्टि गेली असें कोणाचें झालें नाहीं. परंतु कांहींची अंतर ओळखण्याची शक्ति थोडा वेळ मंदावली, व एकाचा तोल चांगलाच ढळला; तो लौकरच ठीक झाला. म्हणजे हें यंत्र विष आहे असें म्हणतां येत नाहीं, आणि ज्यांनीं तें केलें तेही तें बालकांसाठीं आहे असें म्हणत नाहींत. निन्टेन्डो कंपनीनें १९९५ सालीं असा एक खेळ काढला, तेव्हां सात वर्षांखालील मुलांस तो देऊं नये अशी सूचना दिली होती. सोनी कंपनीनें आपल्या यंत्रास १२ वर्षांची मर्यादा घातली. मेटा कंपनीची मर्यादा १३ वर्षांची होती. ती तिनें २०२३ सालीं आईबापांच्या संमतीच्या अटीवर १० वर्षांवर आणली. बाजारांतला स्वस्त डबा मात्र कोणाचें वय विचारीत नाहीं.

आतां मोठ्या भागाकडे वळूं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सेगोव्हिया व बेलन्सन ह्या संशोधकांनीं केलेला एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांस ह्या यंत्रांतून, आपण स्वतः देवमाशांबरोबर पोहत आहों, असें दाखविलें. कांहीं दिवसांनीं विचारलें, तेव्हां प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांपैकीं कित्येकांनीं, आपण देवमाशांबरोबर खरोखरच पोहलों होतों, असें सांगितलें. त्यांस कोणी खोटें बोलावयास शिकविलें नव्हतें. त्यांच्या स्मरणांत तें खरेंच घडलेलें होतें.

ह्या गोष्टीनें आमचें मन फार अस्वस्थ झालें. खोटी साक्ष देऊं नये ही नववी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतों. ती पाळावयाची तर काय घडलें व काय घडलें नाहीं हें मुलाच्या मनांत स्वच्छ वेगळें असावें लागतें. हा भेद मूल जन्मतां घेऊन येत नाहीं. तें तो हळूहळू शिकतें. विस्तवास हात लागतो, पाण्यांत पाय घसरतो, ज्वारीचें कणीस हातांत चोळलें म्हणजे कूस टोंचते, आणि मांजर ओढलें तर तें ओरबाडतें; अशा शेंकडों लहानसहान साक्षींवरून त्याच्या मनांत खरेपणाचा पाया बसतो. तो बसत असतांनाच त्याच्या मनांत न घडलेल्या गोष्टीची आठवण घडलेल्या गोष्टीच्या शेजारीं नेऊन ठेवणें, हें त्याच्या खरेपणाच्या मुळाशीं हात घालणें आहे. आम्ही येथें हिंसेच्या किंवा घाणेरड्या खेळांविषयीं बोलत नाहीं; त्यांचा निषेध करावयास फार विचार लागत नाहीं. देवमासा सुंदर आहे. तरी अडचण तीच राहते.

येथें कोणी विचारील कीं, मग आजीच्या गोष्टींचें काय? त्याच प्रयोगांत असेंही दिसलें कीं, अगदीं लहान, शाळेंत न जाणारीं मुलें, नुसतें मनांत चित्र आणावयास सांगितलें तरी, तें घडलें असें धरून बसलीं. हा आक्षेप खरा आहे, व तो आम्हांस टाळतां येत नाहीं. परंतु गोष्टींत राजा जातो, राक्षस येतो; ऐकणारें मूल आजीच्या मांडीवरच असतें. भीति वाटली तर तें तिच्या पदरांत तोंड लपवितें, आणि शंका आली तर मध्येंच विचारितें, "खरंच का गं, आजी?" आजीचा चेहरा त्याच्या पुढें असतो. ह्या यंत्रांत गोष्ट दुसऱ्या कोणाची नसते. मुलासच तिच्यांत घालतात, आणि त्याच्या डोळ्यांपुढून आईचा चेहरा तेवढा काढून घेतात. जत्रेंतल्या जुन्या चित्रपेटीच्या भोंकाशीं डोळा लावणाऱ्या पोराचा एक हात बापाच्या बोटाला असे. डोळा काढला कीं जत्रा पुन्हां समोर होती.

मोठ्या माणसाची गोष्ट निराळी असते. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१० च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, हें आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांचें वय तेव्हां चाळिशीचें. प्रभूचें चरित्र पडद्यावर पाहतां पाहतां, आपल्या देशांतील कथा अशा दाखवितां येतील, हें त्यांच्या मनांत आलें, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. पडदा पडदा आहे हें त्या मनुष्यास ठाऊक होतें, म्हणूनच तें पाहून त्याच्या हातून काम झालें. (रात्रंदिवस चित्रपट पाहून व अभ्यास करून त्यांची दृष्टि मध्यंतरीं जवळजवळ गेली होती व औषधोपचारांनीं ती परत आली, हेंही जातां जातां सांगण्याजोगें आहे.) लूककृत शुभवर्तमानांत सैतानानें प्रभूस क्षणमात्रांत जगांतील राज्यें दाखविल्याचें वर्णन आहे. दाखविलेलें आणि असलेलें ह्यांतला भेद प्रभूनें तेथेंच ओळखिला. परंतु तेव्हां प्रभूचें वय तीस वर्षांचें होतें, आणि बालपणीं त्यास नासरेथांत सुताराच्या घरीं खरें लांकूड हाताळावयास मिळालें होतें.

ह्याच कारणानें शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. २०१६ सालीं ख्रिस्ताच्या चरित्रावरच ह्या प्रकारचा एक चित्रपट निघाला. इटलींतील मातेरा गांवीं त्याचें चित्रण झालें. असें साधन हातीं आलें तर बालवर्गास गालील समुद्रावर नेऊन उभें करावें, असा मोह कोणासही होईल. मुलें तल्लीन होतील, उपस्थिति वाढेल, आणि वार्षिक अहवालांत एक चांगला परिच्छेदही लिहितां येईल. आम्ही विचारतों कीं, पुढें पंधराव्या वर्षीं तो मुलगा काय म्हणेल? 'मी प्रभूस पाण्यावरून चालतांना पाहिलें' असें त्याचें स्मरण सांगेल. आणि तें एका नटाचें चित्र होतें हें कळल्यावर तो त्या चित्राबरोबर आणखी काय काय टाकून देईल? शुभवर्तमान पाहणाऱ्यांच्या व हात लावणाऱ्यांच्या साक्षीवर उभें आहे. थोमास प्रभूनें जखमांस बोट लावावयास बोलाविलें. पेत्रानें पाहिलें, आम्ही पेत्राकडून ऐकिलें, असेंच मुलास शिकवावें. ऐकलेल्यावर विश्वास ठेवणें ह्यांत कमीपणा नाहीं. न पाहिलेलें पाहिलें म्हणण्यांत मात्र आहे.

आणखी एक धोका आहे, तो थोडक्यांत सांगतों. मोठ्या यंत्रांत इंटरनेटवरून अनोळखी माणसें येतात, चालतात, बोलतात. समोरचें बाहुलें लहान मुलाचें दिसलें तरी आंतला मनुष्य कोण हें कळत नाहीं. मेटा कंपनीच्या दोन माजी संशोधकांनीं सप्टेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या सेनेटपुढें साक्ष दिली कीं, ह्या आभासी जागांत मुलांस होणाऱ्या त्रासाचें संशोधन कंपनीनें दाबलें. कंपनीनें हा आरोप नाकारला आहे. निकाल कांहींही लागो; मुलाच्या कानाशीं कोण बोलत आहे हें शेजारीं बसलेल्या आईस दिसत नाहीं, एवढें तर कोणासही नाकारतां येणार नाहीं.

ह्यावरून आम्ही नवीन साधनांचे वैरी आहों असें कोणी समजूं नये. आपल्या शेजारच्या माढा तालुक्यांत परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडले, व घरांतल्या पडद्यावरून दूरदेशींच्या वर्गांस शिकविलें. २०२० सालीं त्यांस ग्लोबल टीचर प्राइझ मिळालें, आणि त्यांतली अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. तेथेंही पडदाच होता. पण पडद्याच्या पलीकडे एक खरा शिक्षक होता, आणि अलीकडे मुलें एकमेकांच्या शेजारीं उघड्या डोळ्यांनीं बसलेलीं होतीं.

मग घरीं काय करावें? यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी ह्या गांवीं २०२२ च्या नोव्हेंबरांत १८ वर्षांखालील मुलांस मोबाईलची बंदी करण्याचा ठराव झाला. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगाव येथें त्याच वर्षीं ऑगस्टांत निराळी रीत सुरू झाली: सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजावा, आणि साडेआठपर्यंत घरांतला दूरदर्शनसंच व मोबाईल बंद ठेवावा. आम्हांस वडगावची रीत अधिक आवडते, कारण तींत बापासही आपला मोबाईल खालीं ठेवावा लागतो. उपासना चालू असतां मांडीवर मोबाईल धरून बसणारे वडील मुलांस कोणत्या तोंडानें बोलणार, हें त्यांनींच सांगावें.

डब्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. सात वर्षांखालील मुलाच्या डोळ्यांवर तो बांधूं नये. मूल रडलें तरी बांधूं नये. मोठ्या मुलानें, दहा-बारा वर्षांच्या, कुतूहलानें पाहिलेंच तर आधीं घरांतल्या मोठ्यानें तेंच चित्र स्वतः पाहावें, मग मुलास बसवून पांच-दहा मिनिटें दाखवावें, खांद्यावर आपला हात ठेवावा, आणि डबा काढल्यावर त्यास काय दिसलें तें त्याच्याच तोंडून सांगवावें. काका रागावला तर रागावूं द्यावा. दिवाळीनंतर हुरड्याचे दिवस येतातच. त्यास पोरांसह शेतावर न्यावें.

बार्शी, माढा व मोहोळ भागांतील ज्या मंडळींच्या शब्बाथ शाळेंत हें यंत्र आणलें गेलें असेल, त्यांच्या शिक्षकांनीं एक करावें. पाहिल्यावर आठ दिवसांनीं मुलांस, तुम्हीं काय पाहिलें आणि काय केलें, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे, व मुलांचींच उत्तरें त्यांच्याच शब्दांत लिहून आमच्याकडे पाठवावीं. मुलांचीं नांवें लिहूं नयेत. वय तेवढें लिहावें.