रक्तातला गुन्हा, यादीतला गुन्हा

गुन्हेगारी रक्तातच असते, ही समजूत भारतात विज्ञानाने मांडण्याआधी कायद्याने मान्य केली. चेझारे लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरचा गुन्हेगार माणसावरचा ग्रंथ १८७६ सालचा, तर गुन्हेगार जमातींचा कायदा १२ ऑक्टोबर १८७१ चा. कायद्यामागे ना कवट्यांची मापे होती, ना कोणाची तपासणी. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या काळात तो मंजूर झाला आणि त्याचा सारा युक्तिवाद जातिव्यवस्थेवरून घेतलेला होता. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार. मग चोरी हाही काहींचा पिढीजात धंदा असणार.

हा तर्क कुठवर टिकतो ते सोलापूरजवळच्या कुंभारीत दिसते. गावाच्या नावात कुंभार आहे. शिवारात मात्र गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची मोठी वसाहत आहे. तिथल्या कितीतरी बायका मूळच्या विणकर, तेलुगू पद्मशाली घरांतल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कात्रीने बेतलेली तेंदूची पाने. पान वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा की दुसरे पान हातात. सोलापुरात गिरण्या आणि माग जोरात होते तोवर घर मागावर चालले, विडीचे कारखाने आले तसे बायकांचे हात विडीला लागले. स्टीफन यांच्या काळी सर्वांत पक्के वाटणारे विणकराचे उदाहरणच असे सैल निघते. धंदा रक्तातून उतरत असता तर पेठ बदलल्याबरोबर तो बदलला नसता.

लोंब्रोसो यांनी या समजुतीला शरीर दिले. व्हिलेला नावाच्या एका चोराच्या कवटीत, मागच्या बाजूला आतून, त्यांना एक खळगा आढळला. अशी रचना खालच्या प्राण्यांत असते, तेव्हा हा माणूस उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवर राहिलेला, असे त्यांनी ठरवले. पुढे मोठा जबडा, लांब हात, कानांचा आकार अशा खुणांची यादीच झाली. कुंभारीतल्या अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अन्य कुठेही कवटी हातात घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळते ते हेच, की कोणत्याही दोन कवट्या तंतोतंत सारख्या नसतात. लोंब्रोसोंनी पुरेशा सज्जनांच्या कवट्या पाहिल्या नव्हत्या, एवढेच. ते काम इंग्लंडमधले तुरुंग-डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी केले. सुमारे ३,००० कैद्यांची मापे घेऊन त्यांनी ती विद्यार्थी आणि सैनिकांच्या मापांशी ताडून पाहिली आणि १९१३ साली वेगळा असा ‘गुन्हेगारी चेहरा’ नसल्याचे दाखवून दिले. मात्र गुन्हेगारीत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे मत त्यांनीही सोडले नाही.

युरोपात हा वाद चालू असताना इकडे कायदा पसरत होता. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यात आला. ‘गुन्हेगार’ जमातींना ठेवण्याच्या इलाख्यातल्या वसाहतींची घडी ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने बसवली. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. लोकांच्या तोंडी ती ‘सेटलमेंट’. भोवती तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास. कैकाडी, भाट, पारधी, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे आत होती आणि त्यांतले बरेच जण गिरणीत कामाला जात. वागणूक चांगली राहिली तर कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहता येई, सोलापूरच्या पत्त्यांत हे नाव अजून टिकून आहे.

या व्यवस्थेत एक विसंगती होती, आणि ती चालवणाऱ्यांना कधी खटकली असे दिसत नाही. कामाची शिस्त लावली की माणूस सुधारतो, अशा भरवशावर वसाहत उभी होती. म्हणजे गुन्हा परिस्थितीतून येतो, हे तिथे गृहीतच होते. पण आत कोणाला आणायचे हे जमातीवरून, म्हणजे जन्मावरून ठरे. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभा कायद्यात होती; वळण घरातून लागते असे मानल्याशिवाय तिला अर्थ नाही. नोंद होताना बोटांचे ठसे घेतले जात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी ठशांत वंशाच्या खुणा शोधून पाहिल्या होत्या आणि त्या सापडत नाहीत हे १८९२ च्या आपल्या पुस्तकात मान्य केले होते. एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळा ओळखणारे हे साधन वसाहतीत मात्र जमात पाहून वापरले गेले.

कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या यादीतल्या अनेकांचा जुना पोटाचा धंदा त्याच काळात बुडाला होता. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहत. रेल्वे आली आणि ती वाहतूक गेली. जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार बंद पाडली. या कारणांची दखल त्या यादीत कुठेच नव्हती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. जीवशास्त्राचा शोध पुढे चालूच राहिला, फक्त कवटीची जागा गुणसूत्रांनी घेतली. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त रुग्णालयातल्या १९७ पुरुषांपैकी सात जणांत एक जादा वाय गुणसूत्र सापडले आणि ‘गुन्हेगारी गुणसूत्रा’चा गाजावाजा झाला, पण १९७६ च्या डॅनिश अभ्यासात अशा पुरुषांच्या अंगी विशेष हिंसकपणा दिसला नाही. १९९३ साली एका डच कुटुंबातल्या पुरुषांच्या आक्रमकपणाचा संबंध ‘माओए’ या जनुकातल्या दोषाशी जोडला गेला. त्याच जनुकाचा कमी क्रियाशील प्रकार मात्र दुर्मीळ नाही. न्यूझीलंडमधल्या डनीडिनच्या ४४२ मुलांच्या २००२ च्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसला तो मुख्यतः लहानपणी छळ सोसलेल्यांत. म्हणजे जनुक होते, पण घरही होते. इथवर आलेले विज्ञान स्टीफन यांच्या तर्कापासून बरेच दूर गेले होते.

यादीची सवय मात्र लवकर सुटली नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातला बंजाऱ्यांचा मुळेगाव तांडा वर्षानुवर्षे हातभट्टीच्या दारूसाठी ओळखला जाई. छापा पडे, रसायन ओतून दिले जाई, चार दिवसांनी भट्टी पुन्हा पेटे. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. छाप्यांबरोबर समुपदेशन आणि दुसरा रोजगार मिळवून देणे, अशी त्याची आखणी होती. पोलीस खात्यानेच हातभट्टीचे उत्तर रोजगारात शोधावे, हा बदल लहान नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून कामे वाटण्याचे नियम होते आणि विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणारी कलमेही टिकून होती. न्यायालयाने हे सारे घटनाबाह्य ठरवले. नियमावल्यांतल्या ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाचा अर्थ यापुढे त्या त्या राज्याच्या त्याविषयीच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच घ्यावा, असा आदेश दिला आणि त्या कायद्यांची गरज उरली आहे का, हे तपासण्याचे राज्यांवर सोपवले.