कोणत्या गटाचा?

फलटणला माणसाची विचारपूस करायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी नाव, मग गाव, मग "कुणाचं पोरगं?" आणि अलीकडं चौथा प्रश्न, "कोणत्या गटाचा?" पहिल्या तिन्हींची उत्तरं जन्मतःच मिळतात. चौथं आपलं आपण ठरवायचं, आणि वरचेवर बदलून ठेवायचं.

आमच्या वेळी मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळे. तोवर शहाणपण नाही तरी मिशी येई. १९८९ पासून तो अठराव्या वर्षी आला. त्याबद्दल तक्रार नाही. पण पोरं मत देतात एक दिवस आणि मन गहाण टाकतात पाच वर्षं, त्याचं काय?

२०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. २०२४ च्या फेब्रुवारीत घड्याळ एकीकडं राहिलं, दुसरीकडं तुतारी आली. निवडणूक आयोगानं चिन्हं वाटली. दोस्त मात्र पोरांनी आपापसांत वाटून घेतले. माझा भाचा आणि त्याचा पहिलीपासूनचा दोस्त, एका ताटात जेवणारे. एक इकडं, एक तिकडं. मोबाईलवर आधी एकमेकांच्या नेत्याचा उद्धार झाला, मग बापाचा. भाचा जेवेना, झोपेना. रात्री तीनला उठून बघायचा, कुणी काय टाकलंय. बहीण म्हणाली, "दादा, नजर लागली असेल."

तेवढ्यात दोन्हीकडचे पुढारी एका लग्नात शेजारी बसून जिलबी खाताना दिसले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मतभेद ठेवून एका पंगतीला बसता येणं हा गुणच. मग तो पुढाऱ्यांनी एकट्यानंच का वापरावा?

पोरांना हसणं सोपं आहे हो. पण बी.ए. होऊन चार वर्षं घरी बसलेल्या पोराला कुणी "ये वाघा" म्हणून गाडीत घेतं, तेव्हा आपण कुणीतरी आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटतं. म्हणून नेत्याला बोललं की घाव ह्याच्या छातीत बसतो. बाजू जरूर घ्यावी. बाजू न घेणारा माणूस म्हणजे अळणी आमटी. पण ती सदऱ्यासारखी घालावी, कातडीसारखी नको. सदरा फाटला तर शिवता येतो.

आणि झोपच उडाली तर पोट दुखल्यावर जातो तसं सरळ डॉक्टरकडं जावं. सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा नंबरही आहे. भाच्याला तोच लावून दिला. तिथं गट विचारत नाहीत!

दोस्त अजून घरी आलेला नाही. पण परवा त्याच्या आईनं पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. भाच्यानं चार खाल्ल्या.