कातरवेळचा नेम

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला अंबाडी नाक्यावर वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. त्या बाजूच्या चार-दोन ख्रिस्ती घरांना भेटी देण्यासाठी वर्षातून काही वेळा आम्हांला जावे लागते. एके काळी सूर्य मावळला की ह्या पट्ट्यात मिट्ट काळोख होई. आता गोदामांवरील दिव्यांचा उजेड इतका असतो की चांदणे पडले आहे की नाही, हे मान वर केल्यावाचून कळत नाही. तथापि तानसा नदीच्या काठाने, रानाला लागून जी शेते अद्याप उरली आहेत, तेथे कातरवेळ जुन्याच रीतीने उतरते. अशाच एका शेताच्या वृद्ध धन्याने गेल्या ऑक्टोबरात आम्हांला एक प्रश्न विचारला. आम्ही त्याचे उत्तर मोठ्या सफाईने दिले. पुढे त्या सफाईचीच आम्हांला शंका येऊ लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत चाळीस वर्षांपूर्वीची. ह्या गृहस्थांच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावयाची आणि निकाल लागला की सोडवून आणावयाची, असा तिचा बहुतेक संसार. त्या वर्षी हळवे भात कापणीला आले होते आणि लागोपाठ तीन रात्री रानडुकरांनी शेताचा एक कोपरा पार नांगरल्यासारखा करून टाकला होता. चौथ्या दिवशी हे सूर्य असतानाच माळ्यावर जाऊन बसले. दिवस बुडून अर्धा तास झाला असेल. बांधापलीकडे करवंदीच्या जाळीत काहीतरी काळे, बुटके हलले. भाताची ताटे थरथरली. त्यांनी नेम धरला, बोट चापावर ठेवले. "शंभरात नव्वद डुक्करच होतं, फादर," ते आम्हांला म्हणाले, "पण चाप ओढवला नाही." थोड्या वेळाने हालचाल थांबली, आणि जाळीत काय होते ते कधीच कळले नाही. त्या रात्री कळप दुसऱ्या बाजूने शिरला व उरलेल्या भाताचा मोठा हिस्सा गेला. थोरल्या भावाने त्यांना पुढे कितीतरी वर्षे भित्रा म्हटले. "मी बरोबर केलं का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

वाचकहो, आम्ही आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. 1917 च्या धर्मविधिसंहितेने धर्मगुरूंना शिकारीच्या नादी लागण्यास मनाई केली होती, आणि हाकारे घालून गाजावाजाने केलेली शिकार तर सर्वथा वर्ज्य ठरविली होती. पुढील संहितेत ते कलम राहिले नाही. पण आमच्या हाती बंदूक न येण्याचे कारण त्याहून साधे आहे, आम्हांला फटाक्यांचीही भीती वाटते. असे असूनही शिकाऱ्याशी आमचा परिचय जुना आहे. गोरेगावच्या सेमिनरीत नैतिक ईशज्ञान शिकताना तो आम्हांला पहिल्याच वर्षी भेटला. झुडपात काहीतरी हलते आहे. ते हरिण असेल, कदाचित माणूसही असेल. शिकाऱ्याने बाण सोडावा काय? शेकडो वर्षे नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून हा बिचारा शिकारी त्याच झुडपासमोर उभा आहे.

त्याला तेथे उभे करण्यामागे कारण होते. 1577 साली बार्तोलोमे दे मेदिना ह्या डॉमिनिकन पंडिताने असे मत मांडले की, एखादे कृत्य निषिद्ध आहे की नाही ह्याबद्दल खरी शंका असेल आणि ते करण्यास मोकळीक देणारे मत सबळ असेल, तर विरुद्ध मत अधिक सबळ असले तरी माणसाने ती मोकळीक घ्यावी. संशयित नियमाचे ओझे सद्सद्विवेकावर लादू नये, हा त्यातला दयाळू भाग. परंतु सवलत मिळाली की माणूस तिचे कुरण करतो. शंभर वर्षांत ह्या मताचे इतके ताणलेले अर्थ निघाले की 1679 साली पोप इनोसंट अकरावे ह्यांना पासष्ट शिथिल विधानांचा निषेध करावा लागला. ह्या वादात शिकारी कामाला येतो. नियम संशयास्पद असेल तर मोकळीक घेता येते. पण वस्तुस्थिती संशयास्पद असेल आणि चुकीची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने द्यावयाची असेल, तर सुरक्षित बाजूच धरली पाहिजे. झुडपात माणूस आहे की हरिण, हे शंभर पंडितांच्या मतांनी ठरत नाही. मते काहीही असोत, जो तेथे आहे तो आहेच.

ज्यांनी हा वाद पुढे पुष्कळसा निवळविला ते संत आल्फोन्सस लिगोरी मूळचे नेपल्सचे वकील. 1723 मध्ये एका मोठ्या दाव्यात कागदपत्रातील एक निर्णायक मजकूर त्यांच्या नजरेतून निसटला, दावा गेला आणि त्यांनी वकिलीच सोडली. जे डोळ्यांसमोर होते ते दिसले नाही, ह्या अनुभवातून गेलेला माणूस 1950 साली पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर झाला, हे आम्हांला फार समर्पक वाटते.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे त्यांच्या घडणीविषयी. उजेडात आपण ज्या पेशींनी रंग व बारकावे पाहतो त्या नेत्रपटलाच्या मध्यभागी दाटलेल्या असतात. उजेड कमी झाला की त्या निकामी होतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी काम उचलतात. त्यांना रंग कळत नाही, आणि त्या नेमक्या मध्यभागी नसतातच. म्हणजे कातरवेळी ज्या ठिकाणी आपण नजर रोखतो तेच ठिकाण विरघळू लागते. शिवाय लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो. एखाद्या बाईने लाल लुगडे नेसून जळण वेचले तरी त्या घटकेला ती काळीच दिसणार. उरलेले चित्र मन पूर्ण करते. आणि तीन रात्री डुकरांची वाट पाहणाऱ्याचे मन ते कोणत्या आकारात पूर्ण करील, हे सांगावयास नको.

कायद्यालाही हे ठाऊक होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, परवान्याने शिकार करता येत होती त्या काळात, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत खास अनुज्ञेवाचून शिकार करण्यास बंदी होती. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली आणि ते कलमही गळाले. आता माणसाच्या जीविताला किंवा उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावरापुरती अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाने मुभा मिळते. पण रानात सर्व काही हुकुमाने चालत नाही. भिवंडीहून निघालेला हाच रस्ता वाड्यावरून पुढे मनोरला पोहोचतो. तेथल्या बोरशेतीच्या जंगलात 2025 च्या जानेवारीअखेर काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. त्यांच्यापैकी एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. सोबती मेला. भेदरलेल्या मंडळींनी प्रेत झुडपांत दडविले, आणि पोलिसांना ते काही दिवसांनी सापडले. त्या बातमीत आम्हांला सर्वांत अधिक खुपले ते हे, की मरणारा अनोळखी नव्हता. एका हाकेला त्याने ओ दिली असती.

श्रावणबाळाची कथा आपल्याकडे मातृपितृभक्तीसाठी सांगितली जाते; आम्हांला तीत दशरथ अधिक दिसतो. शब्दवेधी बाण ही त्याची विद्या. काही न पाहता केवळ आवाजावर नेम साधण्यात त्या तरुण राजपुत्राला अभिमान होता. अंधारात शरयूच्या काठी घागर बुडाल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. वास्तविक रानातला हत्ती मारणे राजाला निषिद्ध होते, हे कालिदासाने रघुवंशात आवर्जून नोंदले आहे. म्हणजे नेम बरोबर ठरला असता तरी कृत्य चुकीचेच होते. त्याने आवाजाला बाणाने उत्तर दिले. वाल्मीकीने ही हकीकत दशरथाच्या तोंडी घातली आहे ती मरणशय्येवर, कौसल्येजवळ, एवढी वर्षे उलटून गेल्यावर. चाळीस वर्षे मनात ठेवलेल्या गोष्टी माणसे अशाच वेळी बोलतात.

उलट उत्पत्तीच्या पुस्तकातील म्हाताऱ्या इसहाकाकडे पाहावे. त्याचे डोळे अधू झालेले, थोरला एसाव शिकारीला गेलेला, आणि समोर उभा राहिलेला मुलगा कोण ते कळत नाही. तो नाव विचारतो, जवळ बोलावतो, हात चाचपतो, कपड्यांचा वास घेतो. एवढे करूनही तो फसतो. परंतु त्याच्या चुकीचा दोष आपण फसविणाऱ्याच्या पदरी घालतो, कारण त्याने विचारले होते.

आता शेतकऱ्याची बाजू. ज्याच्या ताटातला भात गेलेला नाही त्याने संयमाचे गोडवे गाऊ नयेत, असे कोणी म्हटले तर आम्ही खाली मान घालू. डुकरांनी एका रात्रीत केलेल्या नासाडीची सरकारी भरपाई पंचनाम्यामागून येते, आणि पंचनाम्याला भूक लागत नाही. शंका आहे तोवर हात बांधून बसावे, असा नियम केला तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरही अडेल. पण डॉक्टरच्या तराजूत दोन्ही पारड्यांत तोच एक जीव असतो. थांबल्यानेही रोगी मरू शकतो. बिबट्याने अंगणातून मूल उचलले असेल तर अंधुक उजेडातही बंदूक उचलणाऱ्याला आम्ही बोल लावणार नाही. माळ्यावर बसलेल्याच्या एका पारड्यात कदाचित माणूस आहे आणि दुसऱ्यात भात. भात थोडा नाही, वर्षाचा आहे. तरी तो भातच आहे. आणि समजा, डुक्करच होते. अंधारात छर्रे लागून जखमी झालेले डुक्कर जाळीत शिरले, तर त्याच्या मागे जाणे जिवावरचे, आणि न जाणे म्हणजे एका प्राण्याला रात्रभर तडफडत ठेवणे. बार काढणाऱ्यावर त्याच क्षणी पुढचे एक कर्तव्य येऊन पडते, आणि मावळता उजेड ते पार पाडू देत नाही.

आणखी एक गोष्ट. पापनिवेदनात ऐकलेले आम्ही कोणाला सांगत नाही. न ऐकलेले सांगण्यास मात्र प्रत्यवाय नसावा. इतक्या वर्षांत, "फादर, मी न पाहता गोळी झाडली आणि सुदैवाने ते डुक्कर निघाले," असे निवेदन आमच्या कानी आलेले नाही. ज्याचा बार माणसाला लागला तो जन्मभर जळतो. ज्याचा डुकराला लागला तो वाटे घालतो आणि शेजाऱ्यांच्या घरी मटण धाडतो. चाप ओढण्याच्या क्षणी दोघांना ठाऊक होते ते तेवढेच. आम्ही स्वतः किती वेळा कानावर आलेल्या अर्ध्या गोष्टीवरून एखाद्या कुटुंबाविषयी मत बनविले आणि ते पुढे योगायोगाने खरे निघाले, ह्याचा हिशेब मांडू लागलो तर तोही लांबेल.

हे सर्व, इतके विस्ताराने नव्हे, पण ह्याच क्रमाने आम्ही त्या गृहस्थांना सांगितले. जाळीत डुक्कर होते असे उद्या सिद्ध झाले तरी तुमचा निर्णय बरोबरच होता, भावाने काही म्हटले असले तरी तो भित्रेपणा नव्हता, असेही म्हणालो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. ओटीवर दिवा लावून सून आत गेली. मग ते म्हणाले, "ते मलाही वाटतं, फादर. पण बोट मी चापावरून काढलं नव्हतं. ते जाईपर्यंत तसंच होतं."

आम्ही काही बोललो नाही.

"नुसतं 'कोण आहे?' म्हटलं असतं तर कळलं असतं. माणूस असता तर बोलला असता. पण मग डुक्कर असतं तर पळालं असतं ना. म्हणून मी हाक मारली नाही. जरा उजेडात यावं म्हणून वाट बघत होतो." थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, "त्याने बोलू नये असंच मला वाटत होतं."

त्यांनी चाळीस वर्षे जपलेला प्रश्न हा होता, आणि आम्ही दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देऊन मोकळे झालो होतो. आम्ही त्यांच्याजवळ सरकून बसलो आणि त्या संध्याकाळची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची त्यांना विनंती केली. बाहेर भात पिवळे पडले होते. बांधापलीकडची करवंदीची जाळी ओटीवरून दिसते, असे ते म्हणाले. पण तोवर अंधार पडला होता, आणि आम्हांला ती दिसली नाही.