पाणी शिळे होते काय?

नळाला पाणी येण्याचा दिवस उजाडला, की मराठवाड्यातील पुष्कळ घरांत पहिले काम असते ते आधी साठवलेले पाणी ओतून देण्याचे. हंडे, कळशा व पिंप रिकामे केले जातात, घासून-विसळून त्यांत ‘ताजे’ पाणी भरले जाते. असे करणाऱ्या गृहिणीच्या मनात उधळपट्टीचा हेतू मुळीच नसतो. देवपूजेस आणि स्वयंपाकास शिळे पाणी चालू नये, ही शुचितेची भावना त्यामागे असते. म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. पाण्याचा अपव्यय आळसामुळे होत असेल, तर त्यातील दोष कोणीही मान्य करील. परंतु तो शुद्धतेच्या नावाने होत असेल, तर त्यास धर्म म्हणावे की अधर्म?

प्रथम ‘ताजे’ कशास म्हणावे, हे पाहिले पाहिजे. चितेगाव हे छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. याच मार्गाने नाथसागराचे पाणी जलवाहिन्यांतून शहराकडे जाते. ज्या जायकवाडी प्रकल्पामुळे हा जलाशय निर्माण झाला, त्याची पायाभरणी १९६५ साली तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. या जलाशयाची साठवणक्षमता सुमारे १०२ अब्ज घनफूट आहे. त्यातील पाणी मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत गोदावरी व तिच्या उपनद्यांतून येते. म्हणजे चैत्र-वैशाखात नळाला आलेले ‘ताजे’ पाणी वास्तविक गतवर्षीच्या पावसाचे असते. सात-आठ महिने जलाशयात राहिलेले पाणी शिळे ठरत नाही. मग तेच पाणी झाकलेल्या पिंपात दोन रात्री राहिले, एवढ्यानेच ते टाकाऊ कसे ठरावे?

शिवाय ते आपोआप घरी पोहोचत नाही. नाथसागराची पातळी शहराच्या पातळीहून शंभर मीटरपेक्षा अधिक खाली आहे. तेथून उपसलेले पाणी फारोळा येथील केंद्रात शुद्ध होते आणि वीज खर्चून शहराच्या उंचीपर्यंत चढविले जाते. मोरीत ओतलेल्या प्रत्येक कळशीबरोबर हे सारे श्रमही वाहून जातात.

तथापि जुन्या समजुतीत तथ्याचा अंश नाही, असे नाही. उघड्या भांड्यात धूळ पडते, हात बुडतात, आणि आठवडा-दहा दिवस साठून राहिलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदास होते. याकरिता आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासावीत व कोरडी करावीत, असे आरोग्य विभाग सांगत असतो. ही सूचना पाळलीच पाहिजे. मात्र भांडे रिकामे करणे आणि पाणी फेकून देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पिण्यास नको वाटणारे पाणी स्नानास, धुण्यास, फरशी पुसण्यास किंवा तुळशीस निश्चितच चालते. भांडे घासण्याच्या आदल्या दिवशी त्यातील पाणी अशा कामी लावले, तर शुचिताही राखली जाते आणि पाणीही राखले जाते. शुद्धतेचे खरे साधन झाकण, ओगराळे आणि गाळणे हे आहे. ओतून देणे हे नव्हे.

आता ओतलेले पाणी कोठे जाते, याचाही विचार व्हावा. जेथे काही दिवसांआड ठराविक वेळच पाणी सुटते, तेथे पहिल्या घराने आपली सर्व भांडी नव्याने भरली, की तेवढा वेळ जलवाहिनीतील दाब कमी होतो. वस्तीच्या टोकाच्या घरी नळ नुसता फुरफुरतो आणि वेळ संपून जाते. त्या घरास मग टँकरची वाट पाहावी लागते, आणि तेच पाणी पदरमोड करून अधिक दराने घ्यावे लागते. इकडे मोरीतून गेलेले पाणी सांडपाण्यात मिसळते. शहरातील बरेचसे सांडपाणी खाम नदीत उतरते, आणि खाम पुढे गोदावरीस मिळते. ज्या गोदेतून निर्मळ पाणी घेतले, तिच्याच ओटीत ते मलिन करून परत घालावयाचे, आणि हे सारे शुद्धतेसाठी! या विसंगतीकडे श्रद्धावंतांनी तरी दुर्लक्ष करू नये.

या भूमीवर पाण्याचा धर्म शिकविणारे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पैठणच्या संत एकनाथ महाराजांची कथा सर्वश्रुत आहे. काशीहून रामेश्वराच्या अभिषेकासाठी आणलेली गंगाजलाची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. त्या पाण्याइतके पवित्र पाणी दुसरे कोणते असावे? परंतु पाण्याचे पावित्र्य ते कोणत्या पात्रात आहे यावर नसून ते कोणाची तहान भागविते यावर आहे, असा निर्णय नाथांनी आपल्या कृतीने दिला. नाथांच्याच घरी प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्याच्या रूपाने बारा वर्षे कावडीने पाणी भरले, अशी परंपरा सांगते. नाथवाड्यातील तो रांजण षष्ठीच्या उत्सवात भाविक आजही श्रद्धेने भरतात. या कथेचा एक अर्थ असाही घेता येईल, की घरात आलेल्या प्रत्येक घागरीमागे कोणाचा तरी खांदा असतो. तो भगवंताचा आहे असे समजून जो पाणी वापरील, त्याच्या हातून ते सांडणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की पाणीपट्टी भरली आहे, तेव्हा पाणी कसे वापरावे हे विचारणारे दुसरे कोण? परंतु पाणीपट्टी ही पाणी घरापर्यंत आणण्याच्या खर्चाची भरपाई होय. पावसाची किंमत कोणी चुकती केलेली नाही. गृहस्थ हा पाण्याचा मालक नसून विश्वस्त आहे. देवस्थानचे विश्वस्त ज्याप्रमाणे दानपेटीतील पैशाचे धनी नसतात, त्याप्रमाणेच हे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेती व कारखाने यांना लागणाऱ्या पाण्यापुढे घरातील हंडा-कळशीचा हिशेब तो काय? शेतीचा वाटा घरगुती वापराहून कितीतरी मोठा आहे, हे खरेच. तेथेही काटकसर हवी, आणि ती मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे. नाशिक व अहिल्यानगर भागातील वरच्या धरणांतून मराठवाड्याच्या हक्काचे पाणी सुटावे, ही मागणी याच न्यायाची आहे, आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. मात्र वरच्याने खालच्याचा विचार करावा, हे तत्त्व धरणास लागू आणि गल्लीस लागू नाही, असे होत नाही. ज्याच्या पुढे आणखी एक घर आहे, तो प्रत्येक जण कोणाचा तरी वरचाच असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर पाणी आले. तेव्हा एकेका घागरीचे मोल काय असते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

उन्हाळ्यात पाणपोई घालणे, हे आपल्याकडे मोठे पुण्यकर्म मानले जाते, आणि अनेक दाते ते श्रद्धेने करतात. ज्यास तेवढे सामर्थ्य नाही, त्यालाही जलदान शक्य आहे. गळका नळ आजच दुरुस्त करावा. सेकंदास एक थेंब गळाला, तरी दिवसाकाठी एक बादली भरते. पाहुण्यांस पेला अर्धा भरून द्यावा व मागितल्यास पुन्हा द्यावा. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशीसाठी वापरावे. अशा रीतीने राखलेले पाणी कोणाच्या मुखी गेले, हे दात्यास कधीच कळत नाही, आणि त्यावर नावाची पाटीही लागत नाही. निष्काम दान याहून वेगळे ते काय?

मंदिरात तीर्थ पळीभरच मिळते. भाविक उजव्या तळहाताची ओंजळ करतो, खाली डावा हात धरतो, आणि एकही थेंब भूमीवर पडू नये म्हणून जपतो. ते पाणीही गोदेचे, आणि घरच्या पिंपातील पाणीही गोदेचेच. तीर्थ घेताना हातास असलेली ही सवय घरच्या मोरीपर्यंत पोहोचली, तर दर्शनास आल्याचे सार्थक झाले, असे समजावे.