स्वमग्नांची कला आणि आमचे कौतुक

मुलाने काढलेले चित्र हाती आले म्हणजे घरातील वडील माणसे बहुधा एकच प्रश्न विचारतात : 'हे काय काढलेस, बाळ?' प्रश्न प्रेमाचाच असतो. पण त्यात एक गृहीत गोष्ट दडलेली असते. चित्र काढणे म्हणजे काहीतरी सांगणे, आणि सांगणे म्हणजे कोणाला तरी सांगणे, असे आपण धरून चालतो. आता ज्या मुलाला हा प्रश्न कळत नाही, अथवा कळूनही ज्याला उत्तर द्यावयाचे नसते, त्याच्या चित्राचे काय करावयाचे? ते कोणाचे आणि कशासाठी? हा प्रश्न केवळ कलामीमांसेचा नव्हे. आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि तसाच तो येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

अशा मुलांच्या अवस्थेला मराठीत 'स्वमग्नता' हे नाव आता रूढ झाले आहे. ग्रीक भाषेतील 'स्व' या अर्थाच्या शब्दावरून स्विस वैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'ऑटिझम' हा शब्द घडविला. पण तो वेगळ्या मनोविकाराच्या संदर्भात. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि १९४४ साली व्हिएन्ना येथे हान्स आस्परगर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. तेव्हापासून बालकांच्या या अवस्थेला ते नाव चिकटले. मराठी प्रतिशब्द मात्र ऐकताना मनात एक विसंगती उभी राहते. गवई गाण्यात मग्न झाला की आपण त्यास साधक म्हणतो. ग्रंथात मग्न झालेल्या विद्वानाचा आदर करतो. पोर पंख्याच्या फिरत्या पात्यात मग्न झाले की मात्र आपल्या पोटात गोळा उठतो. ही चिंता अगदीच निराधार असते असे नव्हे. बोलणे, खाणे, झोप, चार माणसांत वावरणे, या साऱ्यांतच त्या मुलाला आणि त्याच्या आईबापांना अडचणी येतात, व त्या खऱ्या असतात. तथापि 'मग्न' हा शब्द जिथे भूषण ठरतो आणि जिथे व्याधी ठरतो, त्या दोन जागांमधील अंतर आपण समजतो तितके मोठे आहे काय?

या प्रश्नाची कसोटी पाहणारी एक मुलगी इंग्लंडात होऊन गेली. नादिया हे तिचे नाव. १९६७ साली नॉटिंगहॅम येथे एका युक्रेनी निर्वासित कुटुंबात तिचा जन्म झाला. वयाच्या सहाव्या वर्षीही तिच्या जिभेवर मोजके दहा-बारा शब्द होते. पण साडेतीन वर्षांची असल्यापासून ती साध्या बॉलपेनने घोडे काढीत असे. त्या वयाची इतर मुले वाटोळे डोके आणि त्याला खाली जोडलेल्या दोन काड्या काढून 'हा माणूस' म्हणतात. नादियाचे घोडे उधळत, मान वळवीत, समोरून अंगावर धावून येत. चित्रांच्या पुस्तकात पाहिलेला घोडा ती पुढे कितीतरी दिवसांनी आठवणीतून उतरी, आणि तोही मूळ चित्राची दिशा पालटून. ती डोक्यापासूनच आरंभ करी असेही नाही. कधी मानेच्या रेषेपासून, कधी एखाद्या खुरापासून. नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात तिची पाहणी करणाऱ्या लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी नोंदविले आहे की, चित्र झाले म्हणजे ती किंचित मागे सरून ते न्याहाळी आणि आनंदाने हातपाय हलवू लागे. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की ही मुलगी 'स्व'त मग्न नव्हती. ती घोड्यात मग्न होती. नाव ठेवणाऱ्यांनी येथे थोडी घाईच केली, असे आम्हांस वाटते.

पुढे नादियाला विशेष शाळेत घालण्यात आले. सात-आठ वर्षांच्या वयात ती थोडेफार बोलू लागली, आणि त्याच सुमारास तिचे घोडे मंदावले. वाणी आली तीही बेताचीच; चित्रकला मात्र बहुतेक गेली. उरलेले आयुष्य तिने निवासी संस्थेत काढले. तेथे तिला कागद-पेन्सिलीची ओढ राहिली नव्हती. २०१५ साली तिचे निधन झाले.

ही हकीकत वाचून रसिकांनी हळहळ केली. एक पक्ष म्हणाला : बोलणे काय, कोट्यवधी माणसे बोलतात, असे घोडे काढणारी बालिका एखादीच. चार शब्दांसाठी प्रतिभेचा बळी कशाला दिला? दुसरा पक्ष म्हणाला : पोट कोठे दुखते हे सांगता न येणाऱ्या लेकराला घोड्यांचा काय उपयोग? तिला वाणी देणे हेच माणुसकीचे काम होते. आमच्याकडे १९३० नंतरच्या काळात फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद गाजला, त्याचीच ही एक करुण आवृत्ती. फरक इतकाच की, येथे कलावंत पाच-सहा वर्षांचा होता आणि वादात त्याचे मत कोणी घेऊ शकत नव्हते.

प्रथम या वादाचा पायाच तपासला पाहिजे. वाणी आली म्हणून कला गेली, हे निश्चित म्हणता येत नाही. याच सुमारास नादियाची आई वारली. एवढ्या मोठ्या आघाताचा हिशेब कोण कसा मांडणार? शिवाय या वयात चित्रे काढणे सोडून देणारी साधी मुलेही घरोघर दिसतात. आणि उलट साक्ष देण्यास लंडनचा स्टीफन विल्टशर आहे. १९७४ साली जन्मलेला हा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता. त्याची चित्रकलेची ओढ पाहून शिक्षक त्याचे साहित्य क्षणभर दूर ठेवीत, म्हणजे ते मागण्यासाठी तरी त्याने तोंड उघडावे. अखेर त्याच्या तोंडून शब्द फुटला तो 'कागद' हा! पुढे तो बोलू लागला, कलाशाळेत शिकला, आणि त्याची चित्रशक्ती तसूभर उणी झाली नाही. २००५ साली टोकियो शहरावरून हेलिकॉप्टरमधून एक फेरी मारून त्याने त्या नगरीचे सुमारे दहा मीटर लांबीचे चित्र केवळ स्मरणाने रेखाटले. तेव्हा वाणी आणि रेषा या सवती आहेत, एक घरात आली की दुसरीने निघालेच पाहिजे, हा नियम नव्हे.

तरीही वादासाठी क्षणभर धरून चालू की नादियाच्या बाबतीत तसा सौदा खरोखरच झाला. मग तो न्याय्य होता काय? जगाचे नुकसान एवढेच असेल की काही सुंदर चित्रे जन्माला आली नाहीत, तर आम्ही निःशंकपणे दुसऱ्या पक्षाला मिळू. आमच्या भिंतीवर टांगण्यास चित्र हवे म्हणून एका मुलीने मुके राहावे, असे म्हणणे हा रसिकतेचा नव्हे, स्वार्थाचा उद्गार होय. परंतु येथेच खरी अडचण उभी राहते. चित्रे गेली तेव्हा जगाचेच काय ते गेले का? तो हातपाय हलवीत केलेला आनंद, तोही गेलाच की! काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात काव्याची प्रयोजने सांगितली : यश, धन, व्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचे निवारण, तत्काळ लाभणारा परम आनंद, आणि प्रियेच्या वाणीसारखा गोड उपदेश. यांतील यश, धन, उपदेश यांची नादियाला गंधवार्ताही नव्हती. तिच्यापाशी त्यांतील एकच प्रयोजन होते, तो परम आनंद. आणि तो मात्र निर्भेळ होता. स्वान्तःसुखाय हा शब्द आपण नम्रतेखातर पुष्कळदा वापरतो. तो अक्षरशः लागू पडावा असे कलावंत थोडेच. अशा मुलीचा आनंद हरपला असेल, तर दुसऱ्या पक्षालाही मान खाली घालावी लागेल.

म्हणून आमचे म्हणणे असे की, दोन्ही पक्ष चुकीच्या वस्तूचे रक्षण करू पाहतात. एक चित्राचे करतो, दुसरा वाणीचे करतो. रक्षण करावयाचे ते त्या आनंदाचे. हे एकदा मान्य केले म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट आपोआप सिद्ध होते : आनंद घोडा सुबक येण्यावर अवलंबून नसतो. स्वमग्न मुलांपैकी बहुसंख्यांच्या हातात नादियाची रेषा नसते. एखादे कागद फाडून त्यांच्या पट्ट्या ओळीने लावते. एखादे पेटीचा एकच स्वर तासभर दाबून ऐकते. एखादे ऐकलेली ओळ दिवसभर घोळवीत राहते. त्या मुलाचे हे सुख आणि नादियाचे सुख यांची जात एक आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश केला, तो करताना 'यास काही विशेष कला येते काय?' असे विचारले नाही. समाजाने तरी ते का विचारावे? अलौकिक मुलांच्या गोष्टी ऐकून शेजारी जेव्हा 'याच्यातही काहीतरी असेलच' असे आईला सांगतात, तेव्हा हेतू चांगला असला तरी त्या बोलाआड एक अट असते. काहीतरी असो वा नसो, मूल आहे हे पुरे नव्हे काय?

या विवेकाला सोडून आपली हौस पुढे झाली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. एक संगीताचे आहे. १८४९ साली अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात गुलामाच्या पोटी टॉम विगिन्स नावाचा अंध मुलगा जन्मला. एकदा ऐकलेले संगीत तो पियानोवर जसेच्या तसे वाजवी. त्याच्या आठवणी वाचून आजचे पुष्कळ अभ्यासक त्यास स्वमग्न समजतात, जरी मृतांची परीक्षा कोणी करू शकत नाही. १८६० साली राष्ट्राध्यक्षांपुढे त्याचे वादन झाले; गावोगाव सभागृहे भरली. पैसा मात्र मालकाच्या घरी गेला, आणि १८६५ साली गुलामगिरी संपल्यावरही 'पालक' या नावाने तेच घराणे पुष्कळ वर्षे त्याच्यावर ताबा ठेवून होते. श्रोत्यांनी टाळ्या भरपूर दिल्या. हा माणूस कोणाचा, हे विचारणारे त्यांत थोडेच निघाले.

दुसरे उदाहरण शब्दांचे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत एक पद्धती आली. मुक्या मुलाचा हात मदतनिसाने धरावयाचा आणि मुलाने अक्षरांच्या फलकावर बोट ठेवावयाचे. पाहता पाहता मुकी मुले वाक्ये लिहू लागली, कविताही लिहू लागली. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले. मग परीक्षा झाली : मुलास एक चित्र दाखविले, मदतनिसास दुसरे. फलकावर उमटले ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचे नाव! लबाडी कोणी केली नव्हती. मदतनिसांना स्वतःलाही आपण हात चालवीत आहो हे ठाऊक नव्हते. मुलाने आपल्या भाषेत आपल्याशी बोलावे ही तहान इतकी तीव्र होती की, त्याच्या मुखाने आपणच बोललो हे आपल्या ध्यानात आले नाही. टॉमचे धन गेले. या मुलांचे मौनही त्यांचे राहिले नाही.

याचा अर्थ मुलास शिकवू नये, बोलते करू नये, असा कोणी घेऊ नये. स्टीफनच्या शिक्षकांनी वाणी दिली, ती त्याच्या कागदाच्या वाटेने दिली. यातच सारे आले. शिक्षण त्याच्या सुखाचा हात धरून यावे, सुखाला बाजूस सारून येऊ नये. घरच्या माणसांचे कर्तव्य त्याहून साधे आहे. कागद समोर ठेवावा, पेटी उघडी असू द्यावी. मुलाने हात लावला तर जवळ बसावे. न लावला तर उद्या पुन्हा ठेवावी. चित्र झालेच तर लगेच चौकटीत घालून पाहुण्यांना दाखविण्याची घाई करू नये, आणि न झाले तर ते औषध लागू पडले नाही असे मानून कपाटात कोंडू नये.

आणि 'हे काय काढलेस?' हा प्रश्न? तो विचारण्यास हरकत नाही. फक्त उत्तर आलेच पाहिजे हा आग्रह सोडावा. मूल चित्राकडे पाहून हातपाय हलवीत असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर मिळून गेले आहे. ते आपल्याला उद्देशून दिलेले नाही, एवढ्यावरून ते अपुरे ठरत नाही.