चुकण्याचा हक्क

मुलाच्या हाती करवत दिली म्हणजे त्याला स्वातंत्र्य दिले, असे होत नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. मूल शाळेजोगे होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. शाळाच मुलाजोगी केली. आमच्या नेरूळसारख्या वस्तीत मात्र ‘प्रकल्प’ दुकानात तयार मिळतो, आणि गुण पडतात ते सुबकपणाला. मग मूल काय शिकते? आपल्या वेड्यावाकड्या कामापेक्षा दुसऱ्याचे देखणे काम आपले म्हणून सांगणे बरे! वाकडी कापलेली फळी त्याची त्यानेच पुन्हा कापावी, आणि तोवर गुरुजींनी हात आवरून उभे राहावे. अवघड आहे ते एवढेच.