मायभूमि आणि मायबोली

देशांतर करणाऱ्या कुटुंबानें मागील देशाचें काय जवळ ठेवावें आणि काय टाकून द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोयीचा वाटतो. विचारांतीं तो नीतीचा ठरतो. नव्या भूमीचें अन्न खात असतां जुन्या घराची आठवण उराशीं धरणें ही कृतघ्नता नव्हे काय, असें कित्येक सुज्ञ लोकही विचारतात.

कोंकणांतील बेने इस्रायलांचें उदाहरण येथें मननीय आहे. पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांत तेलाचा धंदा करणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. पेणकर, रोहेकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्याच गांवांचीं. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांचीं हजारों कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. येथें कोणी त्यांना छळलें नव्हतें. चरितार्थाची चिंता कांहींना असेल. परंतु प्रार्थनेंत जिचें नांव पिढ्यान्पिढ्या घेतलें, त्या भूमीची ओढ मोठी होती. त्यांच्या समजुतीप्रमाणें तें घरीं परतणें होतें.

पण घरानें त्यांना चटकन् ओळखलें नाहीं. बीरशेबा, दिमोना अशा रुक्ष प्रदेशांतील वसाहतींत अनेकांना नवा संसार मांडावा लागला. कांहीं कुटुंबें खिन्न होऊन १९५२ मध्यें भारतांत परतलीं. पुढें १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें, यांचे इतर यहुद्यांशीं विवाह लावतांना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश काढला. परक्यानें केलेला अपमान मनुष्य गिळतो. आप्तानें कुळ विचारलें कीं तें शल्य काळजांत राहतें. कोंकणचें मूळ लपविणें सोपें होतें. या लोकांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं उघड निषेध मांडला, आणि १९६४ मध्यें सरकारनें त्यांचा समान दर्जा जाहीर केल्यावर धर्मपीठालाही आदेश बदलावा लागला.

सासरीं आलेल्या मुलीनें माहेर विसरल्यावांचून ती खरी गृहिणी होत नाहीं, असें कोणतीही शहाणी सासू म्हणणार नाहीं. त्याचबरोबर, प्रत्येक गोष्टींत माहेरच्या रीतीचा हट्ट धरून संसार होत नाहीं, हेंही तितकेंच खरें. बेने इस्रायलांनीं हिब्रू आत्मसात केली, त्यांचीं मुलें तेथील सैन्यांत दाखल झालीं. तरी शुभप्रसंगीं मलिद्याचें ताट मांडणें राहिलें, आणि ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकही त्या देशांत निघालें. या दोन निष्ठांत विरोध कोठें आहे?

नातवंडांच्या तोंडीं मराठी फारशी उरत नाहीं, याचें दुःख वडीलधाऱ्यांना होणें स्वाभाविक आहे. परंतु स्मृति लादतां येत नाहीं. वडिलांचें कर्तव्य इतकेंच कीं, मुलांना तिची लाज वाटूं देऊं नये. आजीच्या बोलीची ज्याला लाज वाटूं लागली, त्याला हळूहळू आजीचीही वाटूं लागते.

यजमान देशाचें कर्तव्य याहून कठीण आहे. त्यानें श्रम मागावे, कायद्याचें पालन मागावें. विस्मृति मागण्याचा अधिकार त्याला नाहीं. परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांसाठीं हा न्याय आपण हक्कानें मागतों. आपल्या शहरांत पोटासाठीं आलेल्या परप्रांतीयाला तो देण्याची आपली तयारी आहे काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.